एकाने कमी

इमारत पडल्याची बातमी आली की आमचे सर आधी चष्मा कपाळावर सरकवायचे आणि विचारायचे, "डोळ्यानं कोणी बघितलं?"

धामणकर नाक्याजवळच्या आमच्या छोट्या केबल चॅनलवर पडद्याखालून सरकणारी बातम्यांची पट्टी ते लिहायचे. मी त्यांच्या हाताखाली. इंग्रजी शाळेतली, पहिल्याच अपघाताला 'डेथ टोल' लिहून मोकळी झाले. त्यांनी ते पुसून 'मृतांचा आकडा' लिहिलं.

"ढिगाऱ्याखाली हाय तो बेपत्ता. डॉक्टरनं सांगितलं की मृत. मधल्या मधी आपण कोणाला मारायचं न्हाय, बाय."

'आकडा वाढण्याची भीती' हे शब्द तर ते हटकून खोडायचे. दुसरी चॅनल्स पुढे गेली की मालक ओरडायचे. सर बशीत चहा ओतत म्हणायचे, "जाऊ द्या हो. मेलेला माणूस पळून जात न्हाय." तुम्हीही हसला असतात. आम्ही हसायचो.

मग एका दुपारी कापड विणणाऱ्या लूमची इमारत कोसळली. सरांचा भाचा तिथे शिफ्टवर होता. ते उठून गेले. पट्टी मी लिहीत राहिले, त्यांच्याच पद्धतीने.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. "सापडला. डॉक्टरनं सांगितलं. आकडा एकानं वाढवायचा हाय." मग म्हणाले, "पण लगेच नको, बाय. बहीण अंबाडीला घरी टीव्हीसमोर बसली आसंल. आपलंच चॅनल बघते. बोलते, माझा भाऊ खोटं टाकणार न्हाय. रिक्षात बसलोय. मला पोचू दे."

बाकी सगळ्या चॅनल्सनी आकडा वाढवला. मालक खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "अगं, झोपलीस काय? बढा ना!"

मी कीबोर्डवरून हात काढून मांडीवर ठेवले. "सरांचा भाचा आहे. ते बहिणीकडे निघालेत," एवढंच म्हणाले.

मालक बाजूच्या खुर्चीत बसले. "वाडा रोडला ट्रॅफिक असेल आता," असं काहीतरी पुटपुटले.

पुढचा फोन सरांचा शेवटचाच. त्यानंतर ते कामावर आले नाहीत.

"पोचलो," ते म्हणाले. त्यांच्या आवाजामागे आमची निवेदिका जुनाच आकडा वाचत होती. मग एका बाईचा आवाज आला, "दादा, तेवढाच हाय ना अजून?"



"टाक आता, बाय," ते मला म्हणाले.