अंजिरी परकर, मोठं माप

अख्खं आयुष्य सेलूच्या बाजारात बसून गिऱ्हाइकाला एकदाही 'नाही' न म्हणणारा माणूस जगात एकच असेल, आणि ते नेमके माझ्या बायकोचे सख्खे मामा निघावेत, याला मी माझं नशीब म्हणतो. मामांचं मॅचिंग सेंटर आहे. साडीला जुळणारे परकर, अस्तर, फॉल. हवा तो रंग नसला की मामा "बसा ताई, चहा घ्या" म्हणत आणि मागच्या दाराने शेजारच्या दुकानात, नाहीतर सरळ रंगाऱ्याकडे पळत. अशी वाट बघता बघता एका बाईने तिथेच बसून लेकीचं लग्न जमवलं, असं बायको सांगते. परस्त्रीकडे मान वर करून बघायचं नाही, हा त्यांचा दुसरा नेम. त्यामुळे ते बायकांना साडीवरून ओळखतात. वालूरची त्यांची सख्खी बहीण एकदा शेजारणीची साडी नेसून बसमधून उतरली, तर मामांनी तिला शेजारीण समजून अदबीने नमस्कार केला आणि बहिणीची वाट बघत तिथेच उभे राहिले.

मागच्या वर्षी मामांच्या डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं निघालं. आहे ती नजर टिकवायचा प्रयत्न करू, गेलेली परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मामांनी परभणीहून मला, कॉम्प्युटरवाल्या जावयाला, बोलावून घेतलं. "जावईबापू, रंग दिसायलेत तवर समदे तुमच्या कॉम्प्युटरात घाला. ऑनलाइन दुकान करा. माझ्यामागं कुणी बी बसलं तरी बाई रिकाम्या हातानं जाया न्हाई पायजे."

काम सोपं होतं. निदान तसं वाटलं. परकर ही वस्तू. कापड, रंग, माप हे तिचे पर्याय. प्रत्येक जुळणीची डेटाबेसात एक ओळ आणि ओळीपुढे शिल्लक नगांचा आकडा. मामांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "साटीनचा अंजिरी आन् पॉपलीनचा अंजिरी येगळा असतोय." मी रंग कापडाच्या पोटात घातले. "आन् धुतल्यावर?" मी चहा मागवला. अंजिरी, जांभळा, वांगी, जामुनी, मामा थान उलगडत होते आणि मला सगळी वांगीच दिसत होती. मापांचं तर विचारूच नका. लहान, मध्यम, मोठं त्यांना पटेना. "मोठं म्हंजी उंच का रुंद? असं लिवा, वालूरच्या आक्काचं माप." मी इतका गोंधळलो होतो की खरंच तसं लिहिलं. आक्कामावशीचा घेर आता जगजाहीर होणार म्हणून बायकोने माझ्याशी अबोला धरला, तेव्हा कुठे तिथे 'मोठं' आलं.

खरं अडलं ते शून्यापाशी. जी जुळणी दुकानात नाही तिच्यापुढे शून्य येणार, हे कळल्यावर मामांचा चेहरा पडला. "दुकानात बसून शून्य लिवत नसतेत," एवढंच म्हणाले. मी परभणीला परतल्यावर त्यांनी भिंग लावून, बसल्या बसल्या, प्रत्येक शून्याच्या जागी एक-एक घातला. परिणामी आमच्या ऑनलाइन दुकानात असे परकर मिळू लागले, जे कुणी कधी शिवलेच नव्हते.

पहिलीच ऑर्डर तशी निघाली. ताडकळसची बाई, साटीन, अंजिरी, मोठं माप. दुसऱ्या दिवशी तिच्या लेकीचं डोहाळजेवण. मी परभणीहून सेलूला धावलो आणि म्हटलं, फोन करून माफी मागू. "फोन करून काय सांगू? न्हाई म्हणून?" मामांनी जवळपासच्या रंगांचे सगळे मोठे परकर गाठोड्यात बांधले आणि माझ्या मोटारसायकलवर मागे बसले. एवढ्या लांबच्या वाटेत आपण डेटाबेस दुरुस्त करायला चाललोय की परकर विकायला, हेच मला कळेना.

बाईंनी अंगणात साडी आणून दिली. मामांनी ती उन्हात धरली, एकेक परकर लावून पाहिला, पुन्हा पाहिला, डोळे पुसले. त्यांचे हात थांबलेले मी पहिल्यांदाच पाहिले. मला फार वाईट वाटलं. शेवटी मान खालीच ठेवून त्यांनी साडी आणि सगळे परकर बाईंपुढे केले. "ताई, तुमीच बघा. मला आता कळंना गेलंय."

बाई जरा वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग वरचाच एक परकर उचलून म्हणाल्या, "ह्यो की. अगदी जुळलाय, मामा."

मामांनी माझ्याकडे वळून विचारलं, "जुळला?"

"जुळला," मी म्हटलं. खरंच जुळला होता का, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही सांगता येणार नाही.