पास होण्यापुरतं इंग्रजी

शेजारच्या इंग्रजीच्या मास्तरांनी मला फसवलं. शेवगावच्या बैलबाजारात पंचवीस वर्षं दलाली केली, भल्याभल्यांना पाणी पाजलं. पण मला टोपी घातली ती बैलाला वरचे पुढचे दात नसतात हेही ठाऊक नसलेल्या या माणसानं.

मास्तरांचं व्याकरणाचं वेड शाळेत मावत नसे. बाजाराच्या दिवशी ते माझ्या पाठीशी येऊन उभे राहत. बैलाकडे बोट करून 'नाम' म्हणत, त्याच्या रंगाला 'विशेषण', आणि त्यानं लाथ झाडली की आनंदानं 'क्रियापद!' एकदा मी गिऱ्हाइकाला म्हणालो, "पाव्हणं, ह्यो बैल न्हाई, डोंगर हाय डोंगर!" मागून मास्तर ओरडले, "वा शेठ! मेटाफर!" गिऱ्हाईक दोन पावलं मागं सरलं. "मेटाफर झालाय व्हय? नगं बाबा, आमच्या गोठ्यात पसरंल." बैल परत घरी आणावा लागला. वर मास्तर समजावतात, "मेटाफर म्हणजे रूपक. डोंगरासारखा म्हणाला असतात तर सिमिली, म्हणजे उपमा झाली असती." त्यावर मी त्यांना जे बोललो, त्यातले चार अलंकार त्यांनी वहीत उतरवून घेतले.

तरीही बाहत्तर साली माझी कमल मॅट्रिकला इंग्रजीत नापास झाली, तेव्हा मी त्यांच्याकडेच गेलो. सोनईच्या स्थळाला मॅट्रिक पास मुलगी हवी होती. बाजाराच्या रीतीनं त्यांचा हात उपरण्याखाली घेतला. "पास हुन्यापुरतं शिकवा. येक मार्क जास्त नगं." मास्तरांनी होकार म्हणून माझी बोटं दाबली. उपरण्याखाली झालेला सौदा आमच्यात कुणी मोडत नाही.

मास्तरांनी मोडला. कमल इंग्रजीत तालुक्यात पहिली आली आणि सोनईकरांसमोर मला म्हणाली, "आबा, मला नगरला कालेजात जायचंय." स्थळ गेलं. मी तसाच मास्तरांच्या दारात गेलो. "ह्योच का सौदा?"

चष्मा पुसत ते म्हणाले, "शेठ, मी थांबवत होतो हो. पोरगी थांबेना."

मी बोलणं टाकलं. वर्षभरात मास्तरांची बदली झाली. निरोप घ्यायला ते दोनदा माझ्या ओट्यापर्यंत आले. मी आतच बसून राहिलो. कमल आता नगरच्या शाळेत इंग्रजी शिकवते. सुट्टीत आली की मास्तरांचा पत्ता विचारते, आणि माझ्याकडे तो नाही.

दोनदा आलेल्या माणसाला तिसऱ्यांदा यायला काय झालं होतं? मी उठलो असतो. याचा जाब मास्तरांनी मला द्यायलाच हवा.