संतांची पावलं

लेक शास्त्री नगरच्या घराचं दार रंगवतेय. रंगाच्या वासाने मला तरुणपणचा, चर्चच्या अंगणातला एक दिवस आठवला. दुसऱ्या दिवशी आमची तरुण मंडळी बस्सी गावापर्यंत पायी यात्रेला निघणार होती, वसईच्या आमच्या संतांची मूर्ती घेऊन. भाविकांचे हात लागून मूर्तीच्या पावलांचा रंग उडाला होता. पप्पांनी मला यात्रेला नाही म्हटलं होतं, म्हणून मी पावलं रंगवत बसले.

"संतांना मोजडी घालतेस का गं?" मैत्रीण रोझी हसली.

"मी नाही, तर ही पावलं तरी जातील."

पप्पा मागेच उभे होते. ते म्हणाले, "उद्या जुनी चप्पल घाल. नवी चावते."

तेव्हा मला तो संतांचा चमत्कार वाटला. आता लेक प्रवासाला निघते, तेव्हा काळजी गिळून हो म्हणणारे पप्पा आठवतात.