टिकलीच्या अलीकडचा काटा

माझी बायको कस्तुरी बेंगळुरूच्या चिकपेटेत साड्यांचं दुकान चालवते आणि रविवारी टर्बो गाडी. दुकान वडिलांकडून मिळालं. गाडी मात्र तिने पन्नाशीनंतर स्वतः घेतली, कुणालाही न विचारता. कुणालाही म्हणजे मला. मी गुरुदत्त, बँकेतून निवृत्त झालेला माणूस. मला चार चाकं आणि एक हॉर्न पुरे. पण पदर खोचून ती बॉनेट उघडते तेव्हा चेहऱ्यावर जे तेज येतं, ते आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये शोधून सापडत नाही.

गाडी सेकंडहँड, आधीच्या मालकाने मोठा मोकळा सायलेन्सर बसवलेला. तिथेच दुखणं होतं. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जादा हवा कोंबतो. हवेचा दाब फार वाढू नये म्हणून वेस्टगेट नावाची झडप उघडते आणि उरलेला धूर पंख्याला वळसा घालून निघून जातो. नव्या सायलेन्सरपुढे कंपनीची झडप अपुरी पडत होती आणि दाब चढतच जायचा. वर्षभर पत्ता लागला नाही, कारण बेंगळुरूच्या ट्रॅफिकमध्ये तेवढा ॲक्सिलरेटर दाबायला रस्ता मिळतो कुणाला? एकदा तुमकूर रोडला मिळाला, आणि इंजिन खडखडलं.

घरी येऊन कस्तुरीने दाबाच्या मीटरच्या काचेवर लाल टिकली चिकटवली. काटा टिकलीपलीकडे गेला की इंजिनाला धोका.

मग ती मला घेऊन प्राणेशच्या गॅरेजात गेली. बाहेरून बसवायच्या दोन झडपा त्याने टेबलावर ठेवल्या, एक लहान, एक मोठी.

"अक्का, आपल्याला दाब कमीच पाहिजे ना?"

"स्वल्पच. मग लहान घाल. सरी?"

"सरी, ठीक," प्राणेश म्हणाला. मीही मान डोलावली, कारण दोघं जाणकार डोलावत होती. झडप लवकर उघडावी म्हणून तिची स्प्रिंगही सगळ्यात हलकी निवडली. धूर थेट हवेत सोडला तर मस्त गर्जना होते, असं प्राणेश डोळे चमकवत म्हणाला. कस्तुरी म्हणाली, "शेजारी भीमाचार्य पूजेला बसतात. धूर परत सायलेन्सरमध्येच सोड."

वेल्डिंग झालं, झडप बसली. रविवारी काटा टिकलीला टेकला, थबकला, आणि निवांतपणे पलीकडे गेला. मला त्या काट्याचा असा राग आला म्हणून सांगू!

घरी आल्यावर कस्तुरी म्हणाली, "अहो, शंतनुला देऊन टाकते. माझ्या हातून मरण्यापेक्षा दुसरीकडे नांदू दे." शंतनु म्हणजे मारतहळ्ळीत नोकरी करणारा पुण्याचा मुलगा, प्राणेशकडे गाडी बघून वेडा झाला होता. पुढच्या रविवारी येऊन ने, असं तिने त्याला फोनवर सांगितलं. मला हायसं वाटायला हवं होतं. पण ती जेवताना ताटातल्या भाताशी नुसती खेळत बसली, आणि मीही दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही.

त्या आठवड्यात दुकानात सेल होता. मी गल्ल्यावर होतो. पुढून बायकांचा लोंढा येत होता आणि मागच्या दोन दारांपैकी एकच उघडं, त्यामुळे आत श्वास घ्यायला जागा नव्हती. कस्तुरी स्टुलावर चढून ओरडली, "मागची दोन्ही दारं उघडा!" गर्दी झरझर ओसरली. ती मात्र स्टुलावरून उतरेना.

"अहो, आत कमी ठेवायचं तर बाहेर जास्त सोडायला नको? दाब कमी हवा तर झडप मोठी हवी! आपण उलटंच केलं!"

खालची गिऱ्हाईक बाई साडीचं एक टोक धरून उभीच. ही बया प्राणेशला फोन लावून मोकळी.

"अय्यो, अक्का!" एवढंच तो म्हणाला आणि खो खो हसत सुटला.

आता प्रश्न राहिला शंतनुला दिलेल्या शब्दाचा. तिने त्याला स्वच्छ सांगितलं, "मोठी झडप बसवलीय. रविवारी तूही गाडीत बस. काटा टिकलीपलीकडे गेला तर तिथेच किल्ली घे. नाही गेला तर गाडी माझी." पोरगा भला, कबूल झाला.

देवनहळ्ळीच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला. मी पुढे, शंतनु मागच्या सीटवर मान लांब करून. कस्तुरीने तिसरा गिअर टाकला आणि पाय दाबला. पाठ सीटला चिकटली. काटा उठला, चढला, टिकलीच्या अलीकडे थांबला, आणि थांबूनच राहिला. सगळ्यात आधी आनंदाने ओरडला तो शंतनु, ज्याची गाडी हातची गेली होती. कस्तुरीने इंडिकेटर देऊन गाडी कडेला घेतली, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि हसता हसता रडली. मला इतका आनंद झाला, की मीही डोळे पुसले आणि खिडकीतून धूळ आली म्हणालो. खिडक्या बंद होत्या.

परतीला हेब्बाळच्या पुलावर नेहमीसारखे अडकलो. काटा शून्यावर, पुढे बसचं ढुंगण.

"काकू," शंतनु मागून म्हणाला, "कधी विकायची झाली तर पहिला फोन मला हं."

"विकायची कसली? तुझ्या लग्नाला हीच घेऊन येणार आहे," कस्तुरी म्हणाली, आणि गाडी वीतभर पुढे घेतली.