दाराबरोबर आलेलं कुलूप

त्यांचं खरं नाव विचाराल तर गल्लीतले लोक डोकं खाजवतील. कुलूपकाका म्हणा, लगेच दुकान दाखवतील. बाजाराच्या कोपऱ्यावर आहे. दुकान कसलं, दोन गिऱ्हाइकं आत शिरली की काकांना पोट आत घ्यावं लागतं. भिंतभर किल्ल्या, एक किल्ली कापायचं यंत्र आणि एक उंच स्टूल. त्या स्टुलावर बसून काका किल्ल्या घासतात आणि उपदेश करतात. किल्लीचे पैसे पडतात, उपदेश फुकट. आणि तो घेतल्याशिवाय किल्ली काही हातात पडत नाही.

उपदेशही ठरलेले. पहिला: "कुणी दारावर येऊन म्हणालं ना, तुमचं कुलूप कच्चं आहे, मी बदलून देतो, तर त्याला आधी हाकला. चोर तोच!" दुसरा: "दाराबरोबर आलेलं कुलूप म्हणजे बाहुलीच्या घराचं कुलूप. काढा ते." आणि तिसरा: "दुसरी किल्ली घरात ठेवू नका हो. बाहेर ठेवा, भरवशाच्या माणसाकडे. दोन्ही किल्ल्या आत अडकवता आणि मग मला जेवणावरून उठवता."

आता अशा माणसाने स्वतःच्याच घरात चोराला बोलावून खुर्ची दिली, हे कुणाला खरं वाटेल? पण दिली. आणि तीही बायको घरात नसताना.

बायको म्हणजे काकू. एका साप्ताहिकात त्यांची शब्दकोडी येतात. आडवे शब्द, उभे शब्द, काळे चौकोन. पुढच्या खोलीत खिडकीखाली संगणक आहे, त्यावर काकूंनी स्वतः शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर. कोडी सगळी त्यातच. नवं कोडं झालं की आधी काकांवर प्रयोग.

"अहो, दात आहेत पण तोंड नाही. चार अक्षरी."

"किल्ली!"

"चार म्हटलं मी."

"मग मोठी किल्ली."

"करवत हो, करवत! तुम्हाला सगळीकडे किल्लीच दिसते."

तर त्या कोड्यांचं आता पुस्तक निघणार होतं. काकूंचं पहिलंच. सोमवारी प्रकाशकाला सगळं पाठवायचं होतं. आठवडाभर काकू पुटपुटत फिरत होत्या, आणि काकाही दुकानात येईल त्याला सांगत होते, "आमच्या हिचं पुस्तक येतंय." चोरून नाही, चांगलं मोठ्याने.

शनिवारी दुपारी काकू नेहमीप्रमाणे खांद्याला पर्स लावून बहिणीकडे गेल्या. कितीही काम असो, शनिवार त्यांनी कधी चुकवला नाही. काकांच्या मते दोघी बहिणी तिथे बसून दोघींच्या नवऱ्यांचा हिशोब करतात. असू दे. कारण काकू गेल्या की काका हळूच फुलाफुलांचं कव्हर काढतात. काकांना एक नाद आहे. जगभरचे कुलूपवाले किल्लीशिवाय कुलपं उघडायच्या शर्यती लावतात, त्यांचे व्हिडिओ बघायचे. कुलूप उघडलं की काका इकडे घरात टाळ्या वाजवतात.

असंच चाललं होतं, आणि एकदम संगणकाचा पडदा लालभडक झाला. भोंगा वाजायला लागला. मोठ्या अक्षरात आलं: तुमच्या संगणकात शेकडो व्हायरस सापडले आहेत! तुमचं संरक्षण कच्चं आहे! आत्ताच स्वच्छ करा! आणि खाली एक गोजिरवाणं हिरवं बटण.

काकांच्या डोक्यात एकच आलं. हिची कोडी! आणि त्यांनी बटण दाबलं. त्या बटणाने आणखी काय काय विचारलं, काका प्रत्येकाला हो म्हणत गेले. लग्नातसुद्धा इतक्या पटापट हो म्हणाले नव्हते.

भोंगा थांबला. पडद्यावर एक झाडूवाला आला, इकडून तिकडे झाडून गेला. आणि मग काकांनी बघितलं, तर खरंच सगळं स्वच्छ! काकूंचं एकही काम दिसेना. 'कोडी' नावाचा फोल्डर उघडला, तर आत शुकशुकाट.

काकांनी तो बंद करून पुन्हा उघडला, तरी तेच. पण हार मानतील तर ते कुलूपकाका कसले? घराच्या दाराला त्यांनी तीन कुलपं लावली आहेत; एक सज्जनासाठी, एक चोरासाठी आणि एक स्वतःच्या झोपेसाठी. तोच न्याय त्यांनी संगणकाला लावला. शोधून शोधून तीन अँटीव्हायरस उतरवले आणि एकावर एक बसवले. तिसरा बसला मात्र, संगणक कण्हायला लागला. बाण हलवला की तो चहा पिऊन आल्यासारखा सावकाश हले.

मग मात्र काकांनी फोन उचलला. सून दोन गल्ल्या पलीकडे राहते, हॉस्पिटलात संगणकांचंच काम बघते.

"सूनबाई, जरा येतेस का? घाई काही नाही. पण लगेच ये."

"काय केलंत, बाबा?"

"मी कुठे काय केलं? त्याचं त्यानेच केलं."

"आई कुठायत?"

"बहिणीकडे."

"अरे देवा. आलेच."

सून आली. खुर्चीवर बसायच्या आधीच तिने इंटरनेटची वायर उपटली.

"अगं, ती कशाला?"

"चोर आत आहे ना? मग बाहेरच्या साथीदारांशी बोलणं आधी बंद."

काकांना हे पटलं. चोराबद्दल शहाणपणाचं बोलणारी माणसं त्यांना आवडतात. सुनेने संगणक सेफ मोडमध्ये चालू केला. "म्हणजे घरात फक्त गरजेपुरते दिवे लावायचे, बाबा. नको ती मंडळी उठायच्या आत त्यांना धरायचं." तो झाडूवाला आधी काढला. संगणक सुरू झाला की आपोआप उठून बसायची त्याला सोय करून ठेवलेली होती, तीही काढली. मग संगणक पुन्हा नेहमीसारखा चालू केला आणि हसायलाच लागली.

"बाबा, तीन?"

"एकाच्या हातून सुटला तर दुसरा पकडेल."

"ते एकमेकांनाच पकडतायत! तीन पहारेकरी अंधारात उभे केलेत, ओळख करून न देता. प्रत्येकाला वाटतंय दुसरा चोर आहे. आणि घरचा जुना पहारेकरी हे तिघे बघून झोपायला गेलाय."

"तीन तिघाडा," काका पुटपुटले.

"काम बिघाडा," सून म्हणाली आणि एकेकाला बाहेर काढायला लागली.

"अगं अगं, सगळे नको काढूस! त्यातला एक चांगला बघून ठेव. हा निळा कसा आहे? दणकट वाटतोय."

"एकही नको. विंडोजबरोबर आलेलाच पुरे."

काका स्टुलावरून पडायचेच राहिले, म्हणजे स्टूल दुकानात होतं म्हणून. "दाराबरोबर आलेलं कुलूप? फुकटचं? माझ्या घरात?"

"पूर्वी तेही बाहुलीच्या घराचंच होतं. आता सुधारलंय. नवे चोर रोज आपले आपण ओळखायला शिकतं, मशीन जड करत नाही, वर्ष संपलं की नूतनीकरण करा म्हणून मागे लागत नाही. आमच्या हॉस्पिटलात ढीगभर मशीन आहेत, तिथे विकतचं लागतं. इथे एक मशीन, एक आई आणि एक तुम्ही."

"आणि घ्यायचंच झालं विकतचं तर?"

"तर तिऱ्हाईत लोक ह्यांच्या चाचण्या घेतात, त्यांत कोण टिकलं ते बघायचं. आणि बनवणाऱ्याच्या स्वतःच्या साइटवरून घ्यायचं. दारात ओरडत आलेल्याकडून नाही." घरचा पहारेकरी जागा करून तिने तपासणी लावली आणि काकांकडे वळली. "खरं सांगू, बाबा? कुलूप फुटलंच नव्हतं. तो दारावर आला, म्हणाला तुमचं कुलूप कच्चं आहे, आणि..."

काकांनी हात वर केला. "कळलं." लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. हे त्यांचं त्यांनाच आठवलं, सुनेने म्हणायची गरज पडली नाही.

"पण हिची कोडी? ती गेली का गं?"

"बघू. हे तोतये बऱ्याचदा फायली नुसत्या लपवतात, माणूस घाबरावा म्हणून. पण तपासणी संपेपर्यंत मी हो म्हणणार नाही."

आणि तेवढ्यात दारात किल्ली फिरली. पहिलं कुलूप. काकांनी संगणकावर कव्हर टाकलं. दुसरं कुलूप. सुनेने ते काढलं. तिसरं कुलूप. आपण दाराला चार का लावली नाहीत, असं काकांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

काकू आत आल्या. नवरा उभा, सून बसलेली, वायर लोंबतेय. "काय मोडलंत?"

काकांनी सगळं सांगून टाकलं. भोंगा, बटण, झाडूवाला, तीन पहारेकरी. शेवटी म्हणाले, "तुझी कोडी दिसत नाहीयेत गं. सोमवारी पुस्तक..."

काकूंनी पर्स उघडली, चष्मा काढला, रुमाल काढला, आणि तळातून लोकरीचा लाल गोंडा बांधलेला एक पेन ड्राइव्ह काढला.

"आई, थांबा! आत्ता लावू नका त्याला!" सून ओरडली. "आधी घर साफ होऊ दे, नाहीतर हाही बाटायचा."

"लावत नाहीये. ह्यांना दाखवतेय. दर शनिवारी सगळी कोडी ह्यात घालून नेते आणि बहिणीच्या संगणकात ठेवून येते."

"म्हणजे दर शनिवारी तू ह्यासाठी जातेस?" काकांनी विचारलं.

"तुमचा हिशोबही करतो की. कॉपी व्हायला कितीसा वेळ लागतो!" काकू खुर्चीत टेकल्या. "दुसरी किल्ली घरात ठेवू नये. बाहेर ठेवावी, भरवशाच्या माणसाकडे. कुणाचे बोल हे?"

आयुष्यभर काकांची समजूत होती की उपदेश गिऱ्हाइकं नाइलाजाने ऐकतात आणि बायको मुळीच ऐकत नाही. "तू ऐकत होतीस?"

"तुमचा आवाज काय लहान आहे? न ऐकून सांगते कुणाला?"

चूक पदरात, बोलणी पोटात, आणि तरी काकांना इतकं बरं वाटलं की ते उठून चहा टाकायला गेले. कप घेऊन आले तेव्हा तपासणी संपली होती. सुनेने 'लपवलेल्या फायली दाखव' या चौकटीत खूण केली, आणि 'कोडी' फोल्डरमध्ये आधी फिकट, मग ठळक, एकेक करत सगळी परत आली. काकूंनी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत बघितली. एकही कमी नव्हती. लाल गोंडा न वापरताच पर्समध्ये गेला.

सोमवारी फाइल प्रकाशकाकडे गेली. दुकानात एकाने नव्या दाराचं कुलूप बदलायची चौकशी केली, तर काका म्हणे, "आधी आहे ते लावत जा. आणि कुणाला उघडताय ते बघत जा." गिऱ्हाईक चक्रावून गेलं.

संध्याकाळी काकूंनी हाक मारली. "अहो, ओळखा. घरच्या माणसाने दार उघडल्याशिवाय आत येत नाही. चार अक्षरी."

"जावई!"

"चार म्हटलं मी."

काकांनी बोटांवर अक्षरं मोजली. मग त्यांची मान खाली गेली. "व्हायरस."

"शाब्बास!"

"हे पुस्तकात घालू नकोस हं."

"शेवटच्या पानावर आहे," काकू म्हणाल्या आणि संगणकावर फुलाफुलांचं कव्हर घातलं. "सकाळीच पाठवलं."