निघालो मुरबाडला, पोचलो म्हसाला

एकसष्टाव्या वर्षी मला भरलेल्या सायकलवर चढता आलं, उतरता आलं नाही.

वाशिंदच्या कारखान्यातून फिटर म्हणून मी निवृत्त झालो. सायकल झाली नव्हती. आमच्या प्रकाशला मात्र ती दारात खुपायची. "बाबा, भंगारात द्या," हे रोजचंच. शेवटी मी चिडून म्हणालो, "शहापूरवरून मुरबाडला सुनीताच्या घरी हिच्यावरच जातो. लेकीला द्यायचं सगळं सामान घेऊन. टेम्पोत बसून आलो तर खुशाल दे भंगारात."

"सगळं नेणार?" ही आतून म्हणाली. (इथे मी गप्प बसायला हवं होतं.)

कॅरियरवर नव्या तांदळाचं पोतं, त्यावर वाल, पापडांचा डबा, वर गोधडी. पुढे दांडीला लाल भोपळा. मागून टांग टाकावी तर गोधडी खांद्यापर्यंत, पुढून टाकावी तर गुडघा दांडीपर्यंत येईना. मग मी ओट्यावर उभा राहिलो, प्रकाशने हँडल धरलं आणि हिने माझा पाय उचलून पलीकडे टाकला.

"आता उतराल कसं?"

"ते माझ्यावर सोड," मी म्हणालो आणि निघालो.

दोघं एसटीने पुढे गेली. मी दमलो की रस्त्यातल्या मोरीच्या कठड्यावर पाय टेकायचो, पाणी प्यायचो. किन्हवलीला चहावाल्याने ग्लास रस्त्यावर आणून दिला. सरळगाव मागे पडलं तेव्हा मी चक्क शीळ घालत होतो.

मुरबाडला सुनीता भाकरतुकडा घेऊन दारात उभी. शेजारी ही आणि प्रकाश. दारासमोर पाय टेकायला ना कठडा, ना ओटा, त्यात रस्त्याला उतार. ब्रेक दाबले. त्यांनी फक्त आवाज केला.

"बाबा, घर इथं हाय!"

"दिसलं," मी म्हणालो आणि पुढे गेलो.

प्रकाश जावयाची स्कूटर घेऊन मागे आला. "बाबा, थांबत का नाय?"

खरं सांगितलं असतं तर सायकल गेलीच होती. "मुरबाड तर जवळच हाय रे. पुढं म्हसाची जत्रा करून येतो."

"एवढ्या सामानासकट?"

"त्याचं काय वजन!" (मांड्यांचं मत वेगळं होतं.)

म्हसाला थेट बैलबाजारात घुसलो. घंटी वाजवली, कोणी सरकेना. दोन बैलवाले मात्र पुढे झाले. अंगावर येणारं जनावर अडवायची त्यांना सवय. एकाने हँडल धरलं, दुसऱ्याने मला बखोटीला धरून खाली घेतलं.

"कुठून आलाव, बाबा?"

"शहापूरवरून."

"हे एवढं घेऊन?"

माणसं जमली. कोणी चहा आणला, कोणी पोतं उचलून पाहिलं. आणि मागून प्रकाशचा आवाज आला, "आमचे बाबा हायेत ते." खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरून आले.

सामान त्याने स्कूटरवर दोन खेपांत मुरबाडला नेलं. मी रिकाम्या सायकलवर ऐटीत परतलो, व्यवस्थित उतरलो आणि सुनीताने भाकरतुकडा ओवाळला.

भंगाराचं नाव प्रकाशने पुन्हा काढलं नाही. उलट स्वतः नवे टायर घातले आणि गावभर सांगितलं, "पुढच्या वर्षी बाबा असंच सामान घेऊन माळशेज घाट चढणार." चढायला माझी ना नाही. वरती दोन बैलवाले उभे करशील का, एवढं विचारायची मात्र अजून हिंमत झालेली नाही.