बांधलेलं स्टिअरिंग

सुकापूरच्या मिस्त्रीकाकांच्या हातून आयुष्यात एकही काम चुकलं नाही, असं त्यांच्या गावात आजही गंभीर चेहऱ्याने सांगतात. सांगणाऱ्यांत मीही असते. चुकलेलं एकमेव काम माझ्या गाडीचं होतं, आणि ते माझं मी बघून घेईन.

पनवेलच्या आसपास जमिनींना भाव आला तेव्हा ज्यांनी त्या विकल्या ते शेठ झाले. ज्यांच्या नव्हत्याच तेही त्या गर्दीत शेठ होऊन गेले. काकांचीही दोन शेतं इमारतींखाली गेली होती, पण कोणी ‘शेठ’ म्हणून हाक मारली की ते मागे वळून बघत, कोण आलंय म्हणून. गोठ्याचं त्यांनी गॅरेज केलं होतं आणि दिवसभर ते गाड्यांखाली असत. पाठीखाली अंथरायला वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स. नाक्यावरचा सोहळा उरकला की कोणी ना कोणी आणून देई. “मानूस पाच वर्सांत बदलतो,” काका म्हणत, “त्याचा फलेक्स धा वर्सं टिकतो.”

माझ्या वडिलांची गोल दिव्यांची जुनी गाडी तीस वर्षं त्यांच्याच हाताखाली होती. मुंबईत तिच्या बहिणींनी टॅक्सी म्हणून जन्म काढला. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ही आधी विचार करी, मग जड मनाने वळे. वडील गेल्यावर ती माझ्याकडे आली. मी ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाले त्याच वर्षी माझा खांदा आखडला. वरच्या फळीवरची पुस्तकं काढल्याचं ते बक्षीस. गाडी मला वळवता येईना. खारघरचा एक हॉटेलवाला तिला विकत घेऊन, फुलं लावून दारात उभी करायला तयार होता. दसऱ्यापर्यंत त्याला उत्तर हवं होतं.

“उबी ठेवलेली गारी आन् हार घातलेला फोटो, एकच,” काका म्हणाले. “नको देऊस बाय. आपन रॅक टाकू.”

जुन्या पद्धतीत स्टिअरिंगचं फिरणं एका पेटीतून आणि बऱ्याच सांध्यांतून टायरपर्यंत पोचतं, सरकारी अर्जासारखं. रॅकमध्ये एक आडवी दातेरी दांडी असते. स्टिअरिंगच्या टोकाचं छोटं दातेरी चक्र तिला सरकवतं आणि टायर वळतात. मधले हात कमी, त्यामुळे कामही हलकं. काकांना कुर्ल्याच्या भंगारात एका परदेशी गाडीची उत्तम दांडी मिळाली. त्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे, आपलं उजवीकडे. म्हणून काकांनी दांडी उलटी करून बसवली. मापं सुतळी ताणून घेतली. खड्ड्यात गाडी आपली आपण वळू नये म्हणून दांडी चार वेळा खोलून पुन्हा लावली.

त्यांचा एक नेम होता. काम चालू असेपर्यंत स्टिअरिंग सरळ धरून टॉवेलने बांधून ठेवायचं आणि नारळ फुटून मालक आत बसल्याशिवाय सोडायचं नाही. “पयला वळन मालकाचा.” चाळीस वर्षं हा नेम कोणी मोडला नव्हता, आणि तेव्हाही मोडला नाही.

खंडेनवमीला पान्यांची, जॅकची पूजा झाली. टायरखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला, काकांनी टॉवेल सोडला. फाटकाबाहेर रस्ता डावीकडे. मी स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. ते लोण्यासारखं फिरलं, आणि गाडी शांतपणे उजवीकडे गेली. तिथे बांबूवर काकांच्या मेहुण्याचा वाढदिवसाचा फ्लेक्स होता. माझा दिवा त्याच्या फोटोतल्या जाकिटातून पलीकडे निघाला.

मेहुणा शेजारीच उभा होता. “दाजी,” तो म्हणाला, “गारी बरी हाय. आता रस्ता उलटा करून घ्या.”

सगळे हसले. काकांनी खिडकीतून हात घालून स्टिअरिंग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवून पाहिलं. मग खाली बसले. “दांडी उलटी केली, मंग वळनबी उलटा झाला,” ते हळूच म्हणाले. “येवरा साधा माज्या ध्यानात नाय आला.” थोड्या वेळाने विचारलं, “उद्या दसरा. हॉटेलवाल्याला काय सांगशील?”

“त्याला मी कालच नाही म्हटलं, काका.”

त्याला मी फोन केला तो त्या संध्याकाळी.

उजव्या बाजूची दांडी मिळून ती बसायला महिना गेला. या वेळी टॉवेल नव्हता. दूधवाला येवो, पोस्टमन येवो, काका त्याला गाडीत बसवत आणि स्वतः पुढच्या टायरपाशी उकिडवे बसत.

“डावीकरं फिरव. कुठं गेला?”

“डावीकडे.”

“परत सांग.”

मी घ्यायला गेले तोवर अर्ध्या सुकापूरने माझी गाडी वळवली होती. काका शेजारी बसले आणि आम्ही कोन गावापर्यंत जाऊन आलो. जाताना ते नुसते माझ्या हातांकडे बघत होते. कोनला मी गाडी एका दमात वळवली.

“खांदा?”

“आहे जागेवर.”

मग ते खिडकीबाहेर बघू लागले. “तुज्या बापाला दाखवायला पायजे होता,” म्हणाले.

पुढच्या उन्हाळ्यात काका गेले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठले नाहीत. नाक्यावर मेहुण्याने मोठा फ्लेक्स लावला. त्यात काकांच्या अंगावर त्यांनी कधी न घातलेलं जाकीट होतं आणि नावापुढे ‘शेठ’. खाली ‘एक पर्व संपले’ असं लिहून शोकाकुलांचे तेवीस फोटो होते.

तेराव्यानंतर मी तो मागितला. “न्या ताई,” मेहुणा म्हणाला, “आठवन राहील.” त्याचे डोळे भरून आले होते, माझेही.

घरी आणल्यावर लक्षात आलं की एवढी भिंतच आमच्याकडे नाही. पावसाळ्यात मी तो गाडीवर टाकते. बोनेट आणि टप झाकलं जातं. डिकी उघडी राहते.